ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, सोबत कुत्रा

पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन साधारण १६० किलोमीटर. ‘चार तासांत आरामात’ असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या गाडीत कुत्रा नसतो. कुत्रा असेल तर सहा तास धरा आणि पहाटे पाचलाच निघा. मुळशीपर्यंत काही त्रास नाही.

त्रास आहे तो ताम्हिणी गावापासून विळ्यापर्यंतच्या उताराचा. इथे धडधाकट लॅब्रॅडोरलाही गाडी लागते, पिल्लांचं तर विचारूच नका. पण उलटी सहसा न सांगता होत नाही. आधी जांभया, मग ओठ चाटणं, मग लाळेची तार. लाळ दिसली की पुढच्या रुंद जागी थांबायचं, ‘एवढं वळण होऊ दे’ म्हणायचं नाही. दहा मिनिटं जमिनीवर फिरवलं की बरंच निवळतं. धबधब्याच्या गर्दीत थांबू नका आणि माकडं बसलेल्या कठड्याशी तर नाहीच. दार उघडताक्षणी कुत्रा झेप घेतो. आधी पट्टा हातात, मग दार.

रात्रीचं जेवण नेहमीचं, सकाळी पोटभर काही नाही, पाणी थोडं थोडं. मॅरोपिटंट या उलटी रोखणाऱ्या औषधाची गोळी व्हेटकडून लिहून घ्या आणि ‘प्रवासासाठी’ हे स्पष्ट सांगा. गाडी लागू नये म्हणूनचा डोस वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, साध्या उलटीचा २. हा फरक न बोलताच गोळी घेतली जाते आणि मग ‘औषध लागूच पडत नाही’ अशी ओरड. निघण्याआधी दोन तास, चतकोर पोळीसोबत द्या. अगदी रिकाम्या पोटी गोळीच उलटून पडू शकते. म्हणजे पाचला निघायचं तर तीनचा गजर. इलाज नाही. माणसांची गोळी मात्र मनाने देऊ नका.

सीटबेल्टचा पट्टा छातीच्या हार्नेसलाच अडकवा. गळपट्ट्याला अडकवला तर करकचून ब्रेक लागला की मानेला फास बसतो. आडवं होता येईल, पण पुढच्या सीटवर उडी मारता येणार नाही, एवढीच लांबी. घाटात डोकं खिडकीबाहेर काढू देणं हा शुद्ध मूर्खपणा. समोरून एसटी घासून जाते.

माणगावला नाश्ता आळीपाळीने करा. बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ होतात. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

आता मुक्काम. ‘पेट फ्रेंडली’ या पाटीवर काडीचा विश्वास ठेवू नका. पोचल्यावर कळतं की कुत्रा अंगणात बांधायचा, त्याचे रात्रीचे पैसे वेगळे आणि वर चादरींसाठी अनामत. उघड लूट आहे ही! कुत्रा खोलीत झोपणार ना, खोलीत एकटा ठेवलेला चालेल का, आवारात मोकळी कुत्री किती, जादा पैसे एकूण किती, हे व्हॉट्सॲपवर लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका.

किनारा छान आहे. पिण्याचं पाणी घरून न्या, नाहीतर कुत्रा समुद्राचं पितो आणि रात्रभर हगवण. वाळूत मेलेला केंड मासा दिसला तर लांबूनच वळा, तो विषारी असतो.

परत आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड काढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा खाणं सुटलं तर व्हेटला कोकणात जाऊन आल्याचं आधी सांगा, रक्ततपासणी गोचीडतापाच्या दिशेने होईल.