मॉरोविंडचे अधिकृत प्लगिन: आधी मास्टर इंडेक्स घ्या

गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने २००२च्या मॉरोविंड या संगणक गेमसाठी काही छोटे अधिकृत प्लगिन (गेममध्ये भर घालणाऱ्या फाइल्स) फुकट दिले. त्यातला सर्वात कामाचा मास्टर इंडेक्स. मूळ गेममध्ये दहा जुन्या किल्ल्यांचे दहा वेगळे इंडेक्स (त्या त्या किल्ल्यावर जादूने पोहोचवणाऱ्या चाव्या) सांभाळावे लागतात. ते सगळे काल्डेरा गावच्या मेजेस गिल्डमधल्या (जादूगारांच्या संघातल्या) फोल्म्स मिरेलला नेऊन दिले की एकच इंडेक्स हाती येतो आणि फोल्म्स तिथूनच तुम्हाला हव्या त्या किल्ल्यावर पाठवतो. पायपीट संपते!

‘सीज ॲट फायरमॉथ’ हा दुसरा प्लगिन नव्या पात्राने घेऊ नका, सांगाडे टिकू देत नाहीत.

फाइल्स ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमध्ये टाका, लाँचरमध्ये टिक करा. नुसती ईएसपी (प्लगिनची मुख्य फाइल) टाकून मेशेस (वस्तूंच्या त्रिमितीय आकारांच्या फाइल्स) विसरलात, तर वस्तूच्या जागी पिवळं उद्गारचिन्ह दिसतं.