चार चौकटींत चाकाचा एक फेरा

न्यूयॉर्क राज्यातील एका प्रादेशिक चित्रसंग्रहात जुन्या फिल्म तपासणे, त्यांची डागडुजी करणे आणि त्यांचे डिजिटल रूपांतर करणे हे माझे काम आहे. आमच्याकडे येणाऱ्या रिळांत वाढदिवस, सहली आणि बर्फात खेळणारी मुले असतातच, पण त्यांच्या खालोखाल असते ती रेल्वे. कोडॅकने 1923 साली 16 मिलिमीटरची फिल्म आणि तिच्यासाठीचा कॅमेरा बाजारात आणला, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेतील वाफेची इंजिने आधी कळसाला पोहोचली व मग नाहीशी झाली. हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तेव्हा ही इंजिने जोरात होती, एवढ्या एका योगायोगामुळे आज आपल्याला पुष्कळ काही पाहायला मिळते.

हडसन नदीकाठच्या एका गावातील कुटुंबाने आजोबांच्या माळ्यावर सापडलेली रिळे आमच्याकडे आणून दिली. त्यांतल्या एका पत्र्याच्या डबीवर पेन्सिलीने 'गाड्या' एवढेच लिहिलेले होते आणि झाकण उघडताच व्हिनेगरचा उग्र वास आला. 16 मिलिमीटरची फिल्म आगीच्या भीतीमुळे सुरुवातीपासून सहज पेट न घेणाऱ्या ॲसेटेट या प्लास्टिकवरच बनवली गेली. मात्र उष्णता आणि दमटपणा यांमुळे ॲसेटेटचे विघटन होऊ लागते, ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते आम्ल पुढचे विघटन आणखी वेगाने घडवते. आम्लाचा माग काढण्यासाठी डबीत ठेवलेली निळी चाचणी-पट्टी दुसऱ्या दिवशी हिरवी झाली होती. फिल्म सव्वा टक्का आकसली होती. आकुंचन एका टक्क्याच्या आसपास गेले की प्रोजेक्टरचे दाते छिद्रांत नीट बसत नाहीत आणि फिल्म फाटते, म्हणून हे रीळ प्रोजेक्टरवर चढवण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या स्कॅनरला दाते नाहीत. तो फिल्म रबरी रोलरांवरून सावकाश सरकवतो आणि छिद्रांच्या जागा प्रकाशाने ओळखतो. फाटलेले जोड पुन्हा चिकटवून मी काम सुरू केले.

पडद्यावर आले ते स्थानक हार्मन असल्याचे लगेच कळले. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या या ठिकाणी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या गाड्या इंजिन बदलत असत. 1902 साली मॅनहॅटनमध्ये पार्क अव्हेन्यूखालच्या धुराने भरलेल्या बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन 15 माणसे दगावली, त्यानंतर कायद्याने 1908 पासून तिथे वाफेच्या इंजिनांना बंदी झाली. त्यामुळे शहराकडे जाणाऱ्या गाडीचे वाफेचे इंजिन हार्मनला सुटायचे आणि विजेचे इंजिन लागायचे. रिळात तोच क्षण होता. सुटून बाजूला निघालेले इंजिन राखाडी रंगाचे, गुळगुळीत आवरणाचे होते आणि त्याच्या गोल नाकावरून शिरस्त्राणावरच्या तुऱ्यासारखी उभी पट्टी गेली होती. हेन्री ड्रेफस या औद्योगिक रचनाकारांनी 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' या न्यूयॉर्क-शिकागो गाडीसाठी अशी दहा इंजिने रेखाटली होती आणि ती गाडी नव्या रूपात 15 जून 1938 रोजी धावू लागली. ड्रेफस यांनी चाके आणि ती फिरवणारे दांडे झाकले नाहीत. उलट रात्रीही ते दिसावेत म्हणून त्यांच्यावर दिवे टाकले. यंत्र कसे चालते हे प्रवाशाला दिसले पाहिजे, हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण या रिळाचे सारे महत्त्व त्या उघड्या चाकांत आहे.

काळ ठरवणे त्या मानाने सोपे गेले. कोडॅक फिल्मच्या कडेवर निर्मितीचे वर्ष सांगणारी छोटी चिन्हे छापत असे आणि ती दर वीस वर्षांनी पुन्हा तीच येत. इथली चिन्हे 1939 किंवा 1959 सांगत होती. न्यूयॉर्क सेंट्रलचे शेवटचे वाफेचे इंजिन 1957 साली थांबले, तेव्हा 1959 बाद झाले. फिल्म विकत घेऊन ती वर्ष-दोन वर्षांनी वापरणारेही असतात. पण फलाटाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीच्या पाटीवर न्यूयॉर्कच्या 1939 च्या जागतिक प्रदर्शनाचा उल्लेख मोठ्या आकारात पाहिल्यावर वाचता आला, आणि तो उल्लेख 1938 ते 1940 या वर्षांतल्या पाट्यांवरच असे. रंगही जवळजवळ जसेच्या तसे टिकले होते. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म 1935 साली आली, 1938 मध्ये तिची प्रक्रिया सुधारली आणि त्यानंतरची कोडाक्रोम अंधारात राहिली तर तिचे रंग दशकानुदशके हलत नाहीत. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी फिल्मचा आधार खाल्ला, पण बंद डबीतल्या अंधाराने रंग राखले.

वाचकांना इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क सेंट्रलने 1927 पासून 'हडसन' वर्गाची, म्हणजे पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे चार चाके असलेली 275 इंजिने घेतली. रिळातले ड्रेफस यांचे इंजिनही याच वर्गातले. या 275 पैकी आज एकही शिल्लक नाही. डिझेल आल्यावर सगळी भंगारात गेली. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या टी-1 वर्गाच्या 52 इंजिनांचेही तसेच झाले. आता मूळ आराखड्यांवरून नवे टी-1 बांधण्याचे काम चालू आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या 'बिग बॉय' वर्गाची 25 पैकी आठ इंजिने वाचली आणि त्यांतले 4014 क्रमांकाचे 2019 साली पुन्हा रुळांवर आले, ते लोक हजारोंच्या संख्येने पाहायला जातात. हडसनच्या बाबतीत तशी सोय नाही. ते चालताना कसे दिसत होते याचा पुरावा म्हणून केवळ फिल्म उरली आहे.

रिळाच्या उत्तरार्धात नदीकाठचा एक देखावा आहे. सकाळचे ऊन, मागे नदी, आणि रुळांच्या मधोमध पाण्याने भरलेली लांबच लांब उथळ पन्हळ. या मार्गावरच्या गाड्या पाण्यासाठी थांबत नसत. पन्हळीवरून जाताना फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारा माणूस, टेंडरखालचा (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याखालचा) वाकड्या तोंडाचा नळ खाली सोडी आणि वेगामुळेच पाणी वर चढून टाकीत पडे. हिवाळ्यात पन्हळी गोठू नयेत म्हणून त्यांत वाफ सोडत असत. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येणारे एक वयोवृद्ध निवृत्त रेल्वे कर्मचारी त्या वेळी माझ्या शेजारी बसले होते. टेंडरच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पाण्याचे पंखे उसळले तेव्हा त्यांनी मला थांबायला सांगितले आणि एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचे एकेक स्थिर चित्र, मागे नेत नळ नेमका कुठे खाली आला आणि कुठे उचलला गेला ते दाखवले. उशीर झाला तर पन्हळीच्या टोकाला नळ आपटायचा, असे ते म्हणाले. फायरमनचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या हाताचा अंदाज किती अचूक होता ते त्या चौकटींवरून मोजता येते.

मग प्रश्न आला वेगाचा. मूक 16 मिलिमीटरचे कॅमेरे साधारणपणे सेकंदाला 16 चौकटी घेत. पुढे बोलपटांसाठी 24 चौकटींचा वेग रूढ झाला आणि आजही पुष्कळ जुने चित्रण डोळे झाकून 24 ने दाखवले जाते. जुन्या चित्रणातली माणसे तुरुतुरु का चालतात याचे एक मोठे कारण हेच आहे. हार्मनच्या फलाटावरचे हमाल आणि प्रवासी 16 ने नीट, वजनदार पावलांनी चालत होते. 24 ने धावत सुटत होते. त्यानंतर मी चाकाकडे वळले. या इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास 79 इंच, म्हणजे परीघ सुमारे 20 फूट 8 इंच. नदीकाठच्या देखाव्यात दांड्याचे टोक पुढे, खाली, मागे, वर असे जवळपास चार चौकटींत एक फेरा पूर्ण करत होते. सेकंदाला चार फेरे म्हणजे सुमारे 83 फूट, अर्थात ताशी 56 मैल किंवा 91 किलोमीटर. तेच 24 ने दाखवले तर ताशी 136 किलोमीटर होतात आणि पाहणारा वाहवा करतो, पण ती गाडी त्या सकाळी तशी धावलेली नसते.

भुसावळच्या शेडमध्ये फिटर असलेल्या माझ्या वडिलांनी मला लहानपणी शिकवले होते की दोन बाजूंचे दांडे एकमेकांशी पाव फेऱ्याच्या फरकाने बसवतात, म्हणजे एक बाजू मृत बिंदूवर, म्हणजे दांड्याचा जोर चाक फिरवू शकत नाही अशा जागी, आली तरी दुसरी इंजिनाला ढकलू शकते. ते भारतीय रेल्वेच्या ज्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांवर काम करत त्यांची पहिली 16 इंजिने 1947 साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातूनच आली होती. या रिळात एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत चाक जवळपास पाव फेरा फिरते, हे ध्यानात आल्यावर मला पुढचा धोका स्पष्ट दिसला.

कारण रीळ तयार होत असतानाच एका माहितीपटाच्या निर्मात्याने ते मागितले होते. त्यांना सेकंदाला 60 चौकटींची गुळगुळीत प्रत हवी होती आणि सोबत शिट्टी व वाफेचा आवाज. माझ्याकडे त्यांनी नमुना म्हणून पाठवलेली प्रत मी चौकट-चौकट तपासली. संगणकाला दोन चौकटींमधले चित्र कल्पनेने भरावे लागते. पुढे असलेला दांडा खाली आला एवढेच त्याला दिसते, तो वर्तुळाच्या कमानीतून आला हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याने दांडा तिरका घसरवला, काही ठिकाणी मेणासारखा वाकवला आणि एका चौकटीत चाकाला दोन क्रँकपिन, म्हणजे दांडा जोडणाऱ्या खुंट्या, दिले. पाण्याचे पंखे तर त्याने धुक्यासारखे पुसून टाकले. ज्या वर्गाचे एकही इंजिन उरले नाही, त्याच्याबद्दलची ही खोटी साक्ष आहे, आणि उद्या मूळ फिल्म नष्ट झाल्यावर हीच प्रत खरी म्हणून फिरत राहील, असे मी त्यांना स्वच्छ शब्दांत लिहिले. आवाजाबद्दलही मी ठाम राहिले. दुसऱ्याच इंजिनाची शिट्टी इथे जोडणे म्हणजे एकाच्या तोंडी दुसऱ्याचे बोलणे घालणे आहे.

उत्तरादाखल त्यांनी फोन केला आणि आम्ही बराच वेळ बोललो. पाव फेऱ्याचा हिशेब त्यांना पटला. त्यांनी मूळ 16 चौकटींच्या गतीची मूक प्रत घेतली आणि निवेदकाचा आवाज फक्त हार्मनच्या देखाव्यावर ठेवण्याचे कबूल केले. आमच्या सूचीत आता या रिळाच्या नोंदीखाली कडेची चिन्हे, मोटारीची पाटी, चाकाचा व्यास आणि चौकटींची मोजणी असे सगळे लिहिले आहे, म्हणजे माझा निष्कर्ष कुणालाही स्वतः मोजून तपासता येईल. मूळ फिल्म शीतगृहात गेली, आणि त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या दोन डबींतल्या पट्ट्याही हिरव्या झाल्यामुळे त्यांचे काम मी रांगेत पुढे घेतले आहे.