पाठकोरं

परवा दुपारी प्रिंटरच्या डोक्यावर नवा फतवा झळकला. ‘गरज असेल तरच प्रिंट काढावी. कागद पाठपोट वापरावा. हुकुमावरून.’ ठळक टाइप, लाल चौकट, वर कंपनीचा लोगो आणि वरून लॅमिनेशन. भोसरीतल्या ज्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांचे हिशेब मी बघते, तिथली ही गोष्ट. ऑफिसात मोजकी माणसं, प्रिंटर एकच, आणि शिव्या सगळ्यांच्या त्यालाच.

तसा माझा या फतव्याला विरोध नाही. मी जन्मजात पाठकोऱ्यांच्या पक्षातली. मागून कोरा असलेला कागद टाकायचा म्हटलं की हात अडतो. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली घडी, बँकेची पाकिटं, सगळं माझ्या ड्रॉवरमध्ये जमतं. घरचे हसतात, आणि वाणसामानाची यादी करायची वेळ आली की माझ्याच ड्रॉवरमध्ये हात घालतात.

बाबा कचेरीतून रद्द झालेली परिपत्रकं आणायचे, तीसुद्धा हेडक्लार्कला विचारून. सायक्लोस्टाइलची, शाईचा उग्र वास असलेली. एप्रिलात परीक्षा संपली की जुन्या वह्यांतली उरलेली पानं निघायची, त्यांच्यात ही परिपत्रकं मिसळायची, आई दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची. वर कव्हर वाण्याच्या कॅलेंडरचं. कालनिर्णय त्या कामी निरुपयोगी, मागे पाककृती नाहीतर लेख असायचा. झाली रफ वही. पाढे लिहिता लिहिता पान उलटून वाचायचा मला नाद लागला. पुढे मामाला पत्र लिहिताना मी सुरुवात केली, ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आंबे मिळाले.’ मामानं ते पत्र येईल त्या पाहुण्याला वाचून दाखवलं.

तर कागद. एफोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. त्यामुळे 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, एक कागद भरतो 5 ग्रॅम, आणि किलोत बसतात 200. हे गणित मला फार आवडतं, पण ऑफिसात कुणाला ऐकवायची सोय नाही.

शिवाय कागद जिथे खरा जातो तिथे फतवा पोचतच नाही. प्रीव्ह्यू न बघता एक्सेलची प्रिंट सोडली की पानांमागून पानं येत राहतात, प्रत्येकावर एकेक रकाना. लेजरचं, म्हणजे खातेवहीचं, शेवटचं पान निघतं ते फक्त बेरजेच्या ओळीसाठी. मालाच्या बिलाच्या तीन प्रती तर जीएसटीच्या नियमातच आहेत : एक घेणाऱ्याला, एक ट्रान्सपोर्टरला, एक आपल्याला. आणि बँकेत केवायसीला गेलात की तिथली मॅडम, मागच्या वेळी दिलेली सगळी झेरॉक्स पुन्हा मागते, प्रत्येक पानावर सही करून. तिथे काय पाठकोरं देणार?

फतवा काय, योजना काय, वरून आली की गत तीच. माझ्या दुसऱ्या एका ऑफिसात मालकांनी कुठलंसं व्याख्यान ऐकून ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ सुरू केला. रंगीत फोटो, फ्रेम, टाळ्या. माणसं सात. आठव्या महिन्यात पुन्हा पहिलाच आला तेव्हा टाळ्या वाजवताना त्यालाच हसू आवरेना.

भोसरीत मात्र फतव्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती. शिपाईकाकांना मालक एकदा वैतागून म्हणाले, ‘काका, हा प्रिंटर आता तुमचा. तुम्हीच बघा.’ काकांनी ते शब्दशः घेतलं. ‘टोनर लो’चा दिवा लागला की तेच कार्ट्रिज बाहेर काढतात, दोन्ही हातांवर आडवं धरतात आणि बाळाला जोजवावं तसं डावीउजवीकडे हलवतात. आतली भुकटी सारखी पसरते आणि आणखी बरीच पानं निघतात. दिवा लागला म्हणून लगेच रिफिलवाल्याला फोन करायचा नाही, हा त्यांचा दंडक. वाया गेलेल्या प्रिंटांवर पेन्सिलीची एक तिरकी रेघ मारायची, म्हणजे छापलेली बाजू चुकून कुणी खरी धरत नाही. मग अर्धे कापून, कडेला फेविकॉल लावून, खाली रिमच्या खोक्याचा पुठ्ठा. असं पॅड प्रत्येकाच्या टेबलावर. खंडेनवमीला ड्रिल मशीन, वेल्डिंग सेट यांच्या ओळीत काकांनी प्रिंटरलाही झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. तेव्हापासून कागद अडकला तर त्याला थापट्या मारायची कुणाची टाप नाही.

मग हा फतवा आता कशाला? मालक पानं का मोजतात ते मला लेजरमध्ये दिसतं. माल जाऊन महिने झालेत आणि बड्या गिऱ्हाइकाकडून पैसा सुटत नाही. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006च्या कायद्यात लिहिलंय. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. मागून बघा, पुढची ऑर्डर मिळते का! तिथे बोलता येत नाही, मग माणूस रिम मोजतो. त्याच झटक्यात पगाराच्या स्लिपाही बंद झाल्या. ‘ई-मेलवर येतील.’

काकांना ई-मेल नाही. काल ते माझ्या टेबलाशी आले. ‘मॅडम, तीन महिन्यांच्या स्लिपा काढून द्याल का? पतपेढीत कर्ज मागायचंय. पोरीची फी आहे.’ मी फाइल उघडेपर्यंत त्यांनी ट्रेमधले पाठकोरे काढून बाजूला ठेवले आणि नव्या रिममधले तीन कोरे कागद मोजून लावले.

स्लिपा निघाल्या, तेव्हा मी आकडे बघितले. टोनरचा खर्च उतरलेला मला माझ्याच खात्यात दिसतो. काकांच्या मूळ पगाराचा आकडा मात्र मागच्या दिवाळीच्या आधीपासून तोच आहे. मालकांशी सोमवारी बोलणार आहे. पैसे आले की बघू, म्हणतील. आणि पैसे खरंच आलेले नाहीत.