आमची वाटचाल : प्रयोगशाळेविना विषपरीक्षा

ऑफिसात येणारा प्रत्येक जण आधी प्रयोगशाळा कुठे आहे ते विचारतो. ती नाही. नागपुरात प्रतापनगरात भाड्याच्या दोन खोल्या, चार-पाच कॉम्प्युटर आणि मार्च ते जून घरघरणारा कूलर, एवढाच आमचा पसारा. रसायनाच्या रेणूची रचना पाहून ते जनुकांत बदल घडवेल का, माशांना घातक ठरेल का, याचा अंदाज आम्ही मॉडेलने काढतो आणि नियामकांपुढे ठेवता येईल असा अहवाल करून देतो. धंद्यात याला ‘क्यूसार’ म्हणतात.

मी एलआयटीचा, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेचा. नोकरीत युरोपच्या ‘रीच’ कायद्याच्या फायली भरायचो. युरोपात वर्षाला १ टन किंवा जास्त जाणाऱ्या रसायनाची नोंदणी लागते. छोट्या मालाची शेवटची मुदत होती ३१ मे २०१८. तोवर कारखानदारांची जी तारांबळ उडाली, ती पाहूनच स्वतःचं काही सुरू करायचं ठरवलं.

गिऱ्हाईक मात्र सहज मिळेना. बुटीबोरीचे एक कारखानदार तोंडावर म्हणाले, “भाऊ, सॉफ्टवेअर तं फुकटात भेटते म्हनतात. मंग तुमाले पैसे कायचे देऊ?” प्रश्न रास्त होता. ओईसीडी या देशांच्या संघटनेचं ‘टूलबॉक्स’ नावाचं सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे, आकडाही मिनिटभरात येतो. पण मॉडेल कशालाही आकडा देतं. तो कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, याचे पैसे आम्ही घेतो. ओईसीडीने २००४ मध्ये मॉडेलसाठी पाच तत्त्वं ठरवली. त्यांतलं तिसरं, म्हणजे मॉडेल कोणत्या प्रकारच्या रेणूंना लागू पडतं त्याची हद्द, हीच आमची रोजीरोटी.

औषधांच्या कामात हे नीट कळतं. औषधातल्या अशुद्धीसाठी आयसीएचची, म्हणजे औषध-नियमांचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ‘एम७’ मार्गदर्शिका दोन वेगळ्या धाटणीची मॉडेलं मागते : एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारं, दुसरं सांख्यिकी. दोन्ही स्वच्छ म्हणाली तर जनुकांत बदल होतो का ते जिवाणूंवर पाहणारी एम्स चाचणी करावी लागत नाही. आमच्याकडे एकदा अशी अशुद्धी आली की नियमवाल्याने ॲरोमॅटिक अमाइन हा संशयित गट बघून लाल खूण केली, सांख्यिकीने मात्र पास केलं. गिऱ्हाइकाचं म्हणणं, पास केलेलं तेवढंच अहवालात घाला. ते जमणारं नव्हतं. आम्ही मूळ औषधाची रचना शेजारी मांडली. तोच अमाइन गट, आजूबाजूची मांडणीही तीच, आणि त्या औषधाची एम्स चाचणी आधीच निगेटिव्ह आलेली! अहवाल त्यांच्याच कपाटात धूळ खात होता. ‘एम७’मध्ये अशी अशुद्धी वर्ग ४ मध्ये जाते आणि तिला साध्या अशुद्धीचेच नियम लागतात. लाल खूण न लपवता तिचं उत्तर दिलं. नियामकाकडून एकही शंका आली नाही.

उलटंही होतं. पॅलेडियमच्या एका संयुगाचा अंदाज हवा होता. सॉफ्टवेअरने दशांशासकट आकडा दिला, पण ज्या रेणूंवर ते मॉडेल शिकलं त्यांत धातूचं संयुग एकही नव्हतं. आम्ही ‘अंदाज देता येत नाही’ असं लिहून दिलं. गिऱ्हाईक गेलं. जाऊ द्या, सही आमची असते ना!

२०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या गोळ्यांत नायट्रोसअमाइन, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेल्या जातीचं संयुग सापडलं आणि आमच्या कामाला खरी भरती आली. आता युरोप-अमेरिकेचे नियामक २०२३ पासून रचनेवरून अशा संयुगांचे पाच वर्ग पाडू देतात. युरोपात सगळ्यात कडक वर्गाची मर्यादा दिवसाला १८ नॅनोग्रॅम. नायट्रोसो गट (नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडी) ज्या नायट्रोजनला चिकटलेला असतो, त्याला लागून असलेल्या कार्बनांवर हायड्रोजन किती, इथून मोजणी सुरू होते. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना पहिले काही आठवडे मी कॉम्प्युटर देत नाही. कागद-पेन्सिल घ्या, रेणू काढा, हायड्रोजन मोजा. त्यांची कुरकुर चालू असते. यंदाच्या दोघींनी तर दुसऱ्याच आठवड्यात गिऱ्हाइकाकडून आलेली एक चुकीची रचना पकडली, तीही पेन्सिलनेच.