लॅप, लूप आणि गुहागरची पुळण

शिमगा आला की आमचा सायक्लोक्रॉसचा सीझन संपतो. तारीख अशी कुणी ठरवलेली नाही, पण होळीनंतर उकाडा वाढतो, बागांमध्ये आंब्याची गडबड सुरू होते, आणि आमच्यातली निम्मी मुलं बागायतदारांच्या घरची, त्यामुळे रविवारी सकाळी कुणी रिकामं सापडत नाही. सुरुवात होते ती भातकापणी उरकून मळे मोकळे झाले की. यंदाचं सगळं लिहून काढायचंच होतं, कारण या सीझनला मला सायकलीइतकंच टेक्नोबद्दलही, म्हणजे मशीनवर वाजणाऱ्या त्या ठेकेबाज नाचाच्या म्युझिकबद्दलही, काहीतरी कळलंय आणि ते दोन्ही आता वेगवेगळं सांगताच येत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रोडबाइकसारखीच वाकड्या हँडलची पण जरा जाड, खाचांच्या टायरची सायकल, आणि अडीच ते साडेतीन किलोमीटरचा गोल कोर्स ज्यात चिखल, वाळू, गवत, चढ सगळं येतं, मध्ये ४० सेंटीमीटरपर्यंत उंच आडव्या फळ्या, तिथे उतरायचं, सायकल उचलून पळायचं आणि पळता पळताच उडी मारून परत सीटवर. यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, रेसला टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. बेल्जियम-नेदरलँड्समध्ये अख्खा हिवाळा हेच चालतं, मोठ्यांची रेस तासाभराची असते. आमची पाऊण तासाची, मित्रमैत्रिणींनी मिळून केलेली, ना फी ना बक्षीस, पण जीव तेवढाच जातो.

कोकणात हा खेळ आयता बसतो असं मला मनापासून वाटतं. फळ्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत, वाडीत शिरताना बेड्याच्या (फाटकाच्या) आडव्या काठ्या असतातच, त्यातल्या खालच्या दोन ठेवून बाकी काढतो (मालकांना विचारून, आणि रेस झाली की परत लावून). पळायचा चढ म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, शेवाळ सुकलेलं नसेल तर तिथे पाय जपून टाकावा लागतो. सायकल उजव्या खांद्यावर, हात पुढच्या पाइपखालून घालून हँडल धरलेलं, आणि वर धापा टाकत पोचले की त्या घरातल्या काकी दर वेळी विचारतात, "काय गो, मोडली काय सायकल?" आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात.

पण खरी मजा पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूत. सुरूच्या बनातून बाहेर आलं की आधी सुकी भुसभुशीत वाळू, तिथे चाक रुततं, तिथे हँडल घट्ट धरलं की संपलं. हात सैल, वजन मागे, नजर लांब, आणि काहीही झालं तरी पेडल थांबवायचं नाही, पुढचं चाक डावीउजवीकडे वळवळतं ते वळवळू द्यायचं. टायरमध्ये हवेचा दाब जेमतेम वीस पीएसआय, म्हणजे टायर मऊच. ती पट्टी पार केली की ओहोटीची ओली टणक वाळू, तिथे सायकल एकदम सुटते. २०२१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप ओस्टेंडला झाली, तिथेही कोर्स नॉर्थ सीच्या पुळणीवर उतरत होता, आपल्याकडे दिवेलागण झाल्यावर लॅपटॉपवर बघत होते, नेदरलँड्सचा व्हॅन डर पूल पाण्याच्या कडेकडेने जाताना बघून मी ओरडलेच, ही तर आपली गुहागरची लाइन!

आता म्युझिक. रेसमध्ये इयरफोन चालत नाहीत, आणि रस्त्यावर तर लावूच नयेत, त्यामुळे जे काय वाजतं ते डोक्यात. पण गणित बघा, ड्रम अँड बेस या वेगवान प्रकारातला ट्रॅक साधारण १७४ बीपीएमचा (मिनिटाला १७४ ठोके) असतो, आणि दर बीटला एक पाय खाली दाबला तर मिनिटाला पेडलचे ८७ फेरे होतात, जी अगदी कामाची केडन्स (पेडल फिरवायची गती) आहे. मी रात्री पडवीत हेडफोन लावून तेच ऐकत बसते आणि सकाळी पाय आपोआप तिथे येतात. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडवाल्यांना हे आधीच कळलं होतं, त्यांच्यातला राल्फ ह्यूटर सायकलवेडा, आणि १९८३ मध्ये त्यांनी 'तूर द फ्रान्स' काढलं त्यात धाप लागल्याचा आवाज आणि चेनचा आवाजच ताल धरतो. आणि त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या ८०८ (ड्रम) आणि ३०३ (बेस) मशीनवर राग वाजवले होते, शिकागोत याच ३०३ वर उभं राहिलेलं ॲसिड हाउस म्युझिक यायच्या आधी! तेव्हा कुणी फारसं घेतलं नाही, २०१० मध्ये ते परत निघालं आणि मग जगाने कान टवकारले. मला याचा फार अभिमान वाटतो.

लोक म्हणतात टेक्नोत तेच तेच असतं. मला ते कधी तसं वाटलं नाही, कारण गणपतीत जाखडी नाच बघत मोठी झालेय, मधे मृदंगवाले आणि गाणारे, भोवती चाळ बांधलेली मुलं गोल फिरतायत, तोच ठेका, तोच फेरा, आणि हळूहळू लय चढत जाते आणि बघणाऱ्याला बसवत नाही. ३०३ वर सोळा स्टेपचा एक तुकडा गोल गोल वाजतो आणि वाजवणारा फक्त एक नॉब सावकाश फिरवत असतो. सूर तेच, पण आठव्या फेऱ्याला ते वेगळंच काहीतरी झालेलं असतं.

हे मला पुरतं पटलं ते शेवटच्या रेसला. होळी पौर्णिमेची, म्हणजे भरती उधाणाची. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. आम्ही साडेसातला सुटलो, पाणी जोरात चढत होतं. पहिल्या लॅपला टणक वाळूचा पट्टा हायवेसारखा रुंद, पुढच्या लॅपला आधीच्या चाकोऱ्या अर्ध्या पुसलेल्या, मग पट्टा एका गाडीएवढा, मग जेमतेम सायकलीएवढा आणि लाट चाकाला लागतेय. कोर्स तोच, बेडं तेच, पाखाडी तीच, पण दर फेरीला समुद्र नॉब फिरवतोय. मी बाकी कशाचा विचारच सोडून दिला, फक्त या फेरीत काय बदललं एवढंच बघत राहिले, आणि रत्नागिरीचा एक दादा जो सीझनभर माझ्या पुढे असायचा तो पाण्याला बिचकून सुक्या वाळूत वर गेला आणि रुतला, मी घोट्याएवढ्या पाण्यातून पेडल मारत पुढे. शेवटच्या लॅपला पट्टा उरलाच नाही, सगळ्यांनीच सायकली खांद्यावर घेऊन धाव ठोकली. दादाने फिनिश लाइनवर येऊन पाठ थोपटली, म्हणाला, "पाण्यातनं कशी गेलीस गो?"

पाण्यातून गेल्यावर सायकल लगेच गोड्या पाण्याने धुवायची, चेन पुसून तेल द्यायचं, नाहीतर खारं पाणी आठवड्यात गंज आणतं. ते झालंय. आता पावसाळाभर घरात बसून ट्रॅक करणार आहे, फ्रीव्हीलची (पेडल थांबवलं की मागच्या चाकात होते ती) टकटक, चेन, पुळणीवरच्या टायरची खसखस असं सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, हायहॅटच्या (ड्रमसेटमधल्या झांजांच्या) जागी फ्रीव्हील अजून नीट बसत नाहीये पण बसेल. टेम्पो अर्थातच १७४. आणि चिपळूण, दापोली, रत्नागिरी कुठूनही कुणाला यायचं असेल तर भातकापणीनंतर या, सायकल कुठलीही चालेल, दोन्ही ब्रेक लागत असले की झालं, मुलींनी तर नक्कीच या.