चिंचेचा कोळ आणि लिंकन

आई न्यू जर्सीला आमच्याकडे आली की रविवारी तांब्याची भांडी घासायचा कार्यक्रम ठरलेला. चिंच, मीठ आणि तिचा अंगठा. तांब्या, ताम्हन, पळी-पंचपात्र. आणि त्या रविवारी माझा लिंकन.

चूक माझीच. रात्री भिंगाखाली लिंकनचा चेहरा असलेल्या त्या अमेरिकी सेंटवरचा 'एस' न्याहाळत बसलो आणि नाणं पुठ्ठ्याच्या पाकिटात परत न घालता टेबलावर तसंच ठेवून झोपलो. 1909 चा सेंट, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला ('एस' ही तिचीच खूण), मागे 'व्ही. डी. बी.' ही अक्षरं. असे पाडले गेले फक्त 4 लाख 84 हजार. फिलाडेल्फियाने त्याच अक्षरांचे अडीच कोटींहून जास्त पाडले. ते स्वस्तात मिळतात, म्हणून त्यांच्यावर खोटा 'एस' चिकटवणारे महाभागही आहेत. माझा खरा होता, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला.

ही नाणी म्हणजे 95 टक्के तांबं, बाकी कथील आणि जस्त. शंभर वर्षांत त्यांच्यावर चॉकलेटी रंग चढतो आणि आम्हा नाणेवेड्यांचा जीव त्या रंगातच अडकलेला असतो. नाणं घासलं की भाव पडलाच. आईच्या लेखी मात्र तो रंग म्हणजे कळकटपणा, आणि बहुधा सुनेचा आळस.

"बघ, कसं लखलखीत झालंय!"

लिंकन न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा गुलाबी दिसत होता. मी गप्प बसलो. काय बोलणार?

तिने नाणं उलटं केलं. दोन गव्हाच्या ओंब्या, देठांपाशी तीन अक्षरं. "हे कुणाचं नाव रे?"

सांगितलं. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर, लिथुआनियातून अमेरिकेत आलेला कारागीर. लिंकनच्या जन्मशताब्दीला त्याने हे नाणं घडवलं. अक्षरं फार ठळक आहेत म्हणून ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती काढून टाकली. 1918 मध्ये परत आली ती लिंकनच्या खांद्यापाशी, इतकी बारीक की भिंगच हवं.

आईने तांब्या उचलून तिरका धरला. काठाखाली टिंबाटिंबांत आजीचं नाव.

"आम्ही तर विकत आणलेल्या भांड्यांवर नाव घालायचो," ती म्हणाली. "त्याने तर स्वतः घडवलेलं!"

आणि पदराने लिंकनला पुन्हा एकदा कोरडं केलं.