हे म्हणजे आपलं अमुकच

गुरुवार, रात्री साडेदहा

लेकीची नववीची परीक्षा काल संपली. तिला बाहेर जेवायला जायचं होतं. मी बेसावध क्षणी बोलून गेलो की शनिवार-रविवारी घरीच तीन देशांचं जेवण करू. तिने लगेच अकरा देशांची यादी काढली. इटली बाद झाली, कारण पास्ता दर मंगळवारी होतोच. जपान आईने बाद केलं, कारण सांगितलं नाही. शेवटी मेक्सिको, लेबनॉन आणि इथिओपिया उरले.

कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की हा दोन दिवसांचा बेत नसून तीन रात्रींचा आहे. फलाफलचे काबुली चणे एक रात्र भिजायला हवेत. मका चुन्याच्या पाण्यात एक रात्र मुरायला हवा. इथिओपियातल्या मऊ आंबट पोळीचं, म्हणजे इंजेराचं, पीठ दोन-तीन दिवस आंबायला हवं. म्हणजे रविवारच्या जेवणाची सुरुवात आज, या क्षणी. इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा करतात, मोहरीहूनही बारीक दाणा. तो इथे कुठे शोधत बसू? पण इथिओपियात ज्वारीचाही इंजेरा होतो, आणि ज्वारीचं पीठ आमच्या डब्यात बारा महिने असतं. मोठ्या पातेल्यात पीठ कालवलं, वर फडकं बांधलं.

आई पाणी प्यायला आली, चष्मा कपाळावर सरकवून तिने पातेल्यात डोकावलं. "म्हणजे आंबीलच की."

मी जरा जोरातच म्हणालो, "आंबील नाहीये आई."

लेकीला यात खेळ दिसला. बिस्किटांचा रिकामा डबा आणून तिने ओट्यावर ठेवला. सोमवारपर्यंत जो कोणी 'हे म्हणजे आपलं अमुकच' म्हणेल त्याने डब्यात दहा रुपये टाकायचे. आईने कमरेचा बटवा सोडून पहिली नोट टाकली. "आणि आहेच आंबील," असंही म्हणाली. त्याचे दहा लेकीने माफ केले.

माझ्या आवाजाला धार का आली, याचा विचार करत आत्ता बसलोय. पंचवीस वर्षांपूर्वी मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत अदिस अबाबाचा एक मुलगा होता. बुधवार-शुक्रवार त्याचा उपास. दुपारपर्यंत काही नाही, आणि नंतरही मांस, अंडी, दूध, तूप काहीच नाही. आमच्या साबुदाण्याच्या खिचडीवरचं तूप आणि सोबतचं दही बघून तो म्हणायचा, "हा तुमचा उपास?" एका रात्री मेसमध्ये पिठलं-भाकरी होती. पहिला घास घेतल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "अरे, हा तर आमचा शिरो!"

मला आधी गोडाचा शिराच वाटला. पिठल्याला शिरा म्हणतोय म्हणून सगळी मेस हसली. मग त्याने समजावलं की त्यांच्याकडे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं एक कालवण असतं, त्याला शिरो म्हणतात. तेव्हा मात्र मला राग आला. पिठलं आमचं. आजीच्या चुलीवरचं, पावसातलं, शेतावरचं. हा कोण त्याला 'आमचा शिरो' म्हणणारा? तो बिचारा चार महिने घराबाहेर होता, त्याला त्या घासात घर सापडलं होतं. ते मला दिसत होतं, तरीही राग आला. उलट बाजूने तो वार आपण रोज करत असतो, हे मात्र तेव्हा दिसलं नाही. पिझ्झा म्हणजे उत्तप्पा, मोमो म्हणजे मोदक, सुशी म्हणजे काय, तर गार भात.

शुक्रवार, रात्री

वाळका मका मिळवण्यात अर्धी संध्याकाळ गेली. किराणावाल्याकडे पॉपकॉर्नचा होता, तो चालत नाही. बियाण्याच्या दुकानात होता, पण त्या दाण्यांना गुलाबी औषध चोपडलेलं असतं, तो खायचा नसतोच. शेवटी भुसार मालाच्या दुकानात पिवळा मका सापडला. दुकानदाराने विचारलं, "कोंबड्या किती आहेत?" मी म्हणालो, "चार." घरात आम्ही चौघंच.

चुना पानाच्या टपरीवर मिळाला. अर्धा किलो मका, दीड लिटर पाणी आणि दोन सपाट चमचे ओला चुना. पातेलं स्टीलचंच घेतलं, ॲल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर पाऊण तास उकळलं तेव्हा दाण्यांचा रंग केशरी पिवळा झाला आणि घरभर एक वास सुटला. ओल्या भिंतीचा म्हणावा तर तसा नाही, उकडलेल्या कणसाचा म्हणावा तर तसाही नाही. आता झाकून ठेवलाय. या मुरलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला शब्द, त्यात 'नेश्तली' म्हणजे राख. चुन्याआधी राखेचं पाणीही चालायचं.

आई येऊन उभी राहिली. "निवळी घ्यायची होतीस. पेठ्याला कोहळा आपण चुन्याच्या निवळीत घालतो ना, तो कडक राहतो. गाळ आत कशाला जाऊ द्यायचा?" डबा पुढे सरकला. पण लेकीने निवाडा दिला, की आजीने 'हे आपलंच' म्हटलं नाही, नुसता सल्ला दिला. दंड नाही. (सल्ला बरोबर होता. उद्या दाणे चार पाण्यांनी धुवावे लागणार.)

मका उकळत होता तोवर लेकीला एक गोष्ट सांगितली. मका मूळचा मेक्सिकोतला. कोलंबसानंतर तो युरोपात गेला, पण चुना घालायची कृती मागेच राहिली. उत्तर इटलीतले शेतकरी पूर्वी बाजरीसारख्या बारीक धान्यांची पोलेंटा रटरटवायचे. त्याच भांड्यात, त्याच रीतीने त्यांनी मका शिजवला. गरिबाच्या ताटात दुसरं काही नसे, आणि हातापायांची कातडी सोलवटू लागली, जुलाब, वेड, मरण. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने हा आजार पाहिला. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं, म्हणजे खरखरीत कातडी. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व जखडलेलं असतं, ते अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो. हे विज्ञानाला कळायला विसावं शतक उजाडलं, आणि मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं ते रोज रात्री करत होत्या. लेक म्हणाली, "म्हणजे इटलीवाल्यांनी दहा रुपये भरायला हवे होते." मला हे सुचलं नव्हतं.

चणे भिजत घातले. ज्वारीच्या पिठाला बुडबुडे आलेत. एप्रिलचा उकाडा, उद्या सकाळी फ्रिजमध्ये टाकलं पाहिजे.

बायको ऑफिसातून आली तेव्हा मी ताहिनीसाठी पांढरे तीळ भाजत होतो. पर्स खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "तिळकूट? एप्रिलमध्ये?" दहा रुपये. नियम माहीत नव्हता, हा बचाव मान्य झाला नाही.

शनिवार, दुपारी चार

जेवण अडीचला झालं. ठरलं होतं बाराला.

सकाळी मका चोळून चोळून धुतला, सालं पाण्यावर तरंगून गेली. मिक्सरमध्ये पाणी न घालता तो फिरेना आणि पाणी घातलं तर पीठ सैल. तीनदा मिक्सर तापून बंद पडला. मग आई गॅलरीत गेली, मनीप्लँटची कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्याखालचा पाटा धुऊन आणला. या घरात आल्यापासून तो कुंडीखालीच होता. वरवंटा कपाटाच्या मागे सापडला. मिक्सरमधून भरड काढायची आणि पाट्यावर बारीक करायची, असं मी आणि लेकीने आळीपाळीने दीड तास केलं. आईने खुर्चीत बसून देखरेख केली. तिकडेही हे काम पाट्यावरच होतं. तिकडच्या पाट्याला तीन पाय असतात आणि तो उतरता असतो. हे मी मोठ्याने सांगितलं. दंड होतो का यावर वाद झाला. लेक म्हणाली, फरक सांगितला की दंड नाही.

पीठ मळलं आणि मला खरंच आश्चर्य वाटलं. आपलं मक्याचं पीठ उकड काढल्याशिवाय हाताला धरत नाही, भाकरीच्या कडा फुटतात. हे पीठ गार पाण्यात लोण्यासारखं जमलं. चुन्याने दाण्याचं साल विरघळून त्याचा चीक होतो, तोच पीठ बांधून ठेवतो. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून वर जड ताट दाबलं की तोर्तिया तयार. तापल्या तव्यावर तिसऱ्यांदा उलटल्यावर टम्म फुगली.

आईने तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला. "मक्याची भाकरी." दहा रुपये. मी राजमा घोटून तेलात परतत होतो, वर भाजलेल्या टोमॅटो-मिरचीची खलबत्त्यात चेचलेली साल्सा. चव घेऊन म्हणालो, "पंजाबी राजम्यासारखा झालाय." घरातल्या तिन्ही बायका एकदम वळल्या. मी पंजाब 'आपलं' आहे का असा मुद्दा काढला. भरले दहा रुपये.

पण आई दुसरी तोर्तिया हातात घेऊन हुंगत होती. म्हणाली, "वास वेगळाच आहे रे." मग तिसरी घेतली.

शनिवार, रात्री

फलाफल झाले. चणे शिजवायचे नसतात, नुसते भिजवून वाटायचे. शिजवले तर तेलात विरघळतात. इजिप्तमध्ये चण्यांऐवजी सोललेल्या वाळक्या बाकल्याचे करतात, त्याला तामिया म्हणतात. ताहिनीत लिंबू पिळलं की ती आधी घट्ट गोळा होते, मग गार पाणी थेंब थेंब घातलं की पांढरीशुभ्र सैल होते. तेवढा एक क्षण बघायला मजा येते. आईने फलाफलला डाळवडा म्हटलं, पैसे आधी काढून. बाकी दमलोय, भांडी उद्या.

रविवार, संध्याकाळ

ज्वारीच्या पिठावर पिवळसर पाणी आलं होतं, ते ओतून टाकलं. (तिकडे ते पुढच्या पिठाला विरजण म्हणून राखतात.) पहिले तीन इंजेरे फाटले. थोडं पीठ पाण्यात शिजवून परत त्यात मिसळायचं असतं, तो मधला टप्पा मी आळसाने गाळला होता. तो करून अर्धा तास थांबलो. चौथा जमला. वर हजार डोळे, खालून गुळगुळीत, उलटायचा नाही, झाकण ठेवायचं. लेक ओरडली, "डोसा झाला!" आणि तोंडावर हात ठेवला. नियम तिचाच, दहा रुपये तिचेच.

कांदा आधी तेलाशिवाय कोरडाच परतायचा असतो, पाण्याच्या शिपक्यावर, अर्धा तास तरी. हे मला त्या खोलीतल्या मित्राने शिकवलं होतं. महिनाभराने त्याला घरून शिरोच्या पिठाची बरणी आली, आणि त्याने कॉइलच्या शेगडीवर करून दाखवलं. पिठलं नव्हतंच ते. आपलं बेसन कच्चं, फोडणीत हिंग-मोहरी, पंधरा मिनिटांत ताटात. त्याचं पीठ भाजक्या हरभऱ्याचं, त्यात बरबरेचा मसाला: लाल मिरची, मेथी, ओवा, कलौंजी, कोरेरिमा नावाची त्यांची वेलची. रंग विटेसारखा, आणि कांदा विरेपर्यंत धीर. मी तेव्हा दोनदा वाढून घेतलं, पण राग आला होता म्हणून माफी मागितली नाही. आज फुटाणे दळून तो शिरो केला, वेलची आपली हिरवीच घातली. मसुराचं वात, म्हणजे तिकडचं कालवण, केलं, कोबी-गाजर-बटाट्याची हळदीतली भाजी केली. कॉफीचा विधी बाद, हिरव्या बिया कुठे मिळणार?

मोठ्या परातीत इंजेरा पसरला, त्यावर तिन्ही कालवणं वाढली आणि परात मध्ये ठेवली. इथे आई अडली. गेले तीन दिवस तिला सगळंच आपलं वाटत होतं. पण एकाच ताटात चौघांनी जेवायचं?

"उष्टं नाही का होत?"

मी म्हणालो, तिकडे असंच जेवतात. वर एकमेकांना घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. मोठ्यांना भरवणं हा मान. ती गप्प. तिला वेगळी ताटली आणायला बायको उठलीच होती, तेवढ्यात लेकीने इंजेऱ्याच्या तुकड्यात शिरो उचलून आजीच्या तोंडाशी नेला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

आम्ही सगळे वाट बघत होतो. बायकोचा हात डब्यावर होता. आई चावत राहिली, एकदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बोटाने परातीत आपल्यासमोर एक रेघ ओढली, "हा भाग माझा," आणि शेवटपर्यंत त्या रेघेच्या आतच जेवली. तिला ठाऊक नव्हतं, पण रीत तीच आहे. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं.

सोमवार, सकाळी सात

उठलो तेव्हा ओट्यावर डबा उघडा होता. काल रात्री साठ रुपये मोजले होते, आज सत्तर. आई गॅसपाशी उभी होती. उरलेलं ज्वारीचं पीठ तिने पाण्यात शिजवलं होतं, गार करून ताक, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घातला होता. माझ्यापुढे पेला ठेवला.

"आधीच टाकलेत," ती म्हणाली. "घे, आंबील."